दोन टर्मची ग्याप

नोकरीच्या मुलाखतीला माणसं घेऊन आलेला उमेदवार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि शेवटचाही तोच.

माजलगावात एका कृषी सेवा केंद्राच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. खालून खताचा वास, वरून पत्र्याचा ताप, आणि मध्ये आम्ही पाच जण एका खासगी साखर कारखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवत बसलेलो. त्या दिवशी खाली एक जीप थांबली. पांढऱ्या कपड्यांतले सहा-सात जण उतरले. त्यांतला एक वर आला, बाकीचे युरियाच्या पोत्यांवर टेकले. दुकानदाराला वाटलं कोणी पुढारी आलाय, त्याने न सांगता चहा मागवला. वर आलेल्या गृहस्थांनी दारातच चपला काढल्या, हात जोडले आणि एकेकाकडे वळून नमस्कार घातला. मला, माझ्यासोबत काम करणाऱ्या गौसला, साहेबांना, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल न्यायला आलेल्या शेजारच्या टेलरलाही. मला वाटलं, वर्गणी मागायला आलेत.

"खाली कोण आहेत?" साहेबांनी विचारलं.

"आपलीच मानसं हायेत. मुलाखत म्हनल्यावर एकटं कसं धाडायचं, म्हनून आली."

आमचे साहेब तिशीतले, पुण्याहून परत येऊन इथे कंपनी काढलेले, सगळ्या गोष्टींची घाई असलेले. त्यांनी बायोडाटा उलटसुलट केला. गृहस्थ एके काळी पुण्यात प्रोग्रामर होते, चांगल्या मोठ्या कंपनीत. त्यानंतर कागदावर काहीच नव्हतं.

"इथे फार मोठी गॅप दिसतेय."

गृहस्थांना ते लागलं. ते खुर्चीत ताठ झाले. "ग्याप न्हाई, साहेब. दोन टर्म होत्या."

गावात भांडणं नकोत म्हणून चार वडीलधाऱ्यांनी ह्या शिकलेल्या माणसाला पुण्याहून बोलावून घेतलं होतं आणि बिनविरोध सरपंच केलं होतं. दुसऱ्यांदाही बिनविरोध. तिसऱ्यांदा कुणीतरी उभं राहिलं, आणि हे पडले. आता पन्नाशीला टेकल्यावर त्यांना पुन्हा प्रोग्राम लिहायचा होता.

मी त्यांना एक छोटासा प्रोग्राम लिहायला दिला. नमस्कार घालताना इतका ऐसपैस असलेला हा माणूस कीबोर्डसमोर बसला आणि आक्रसला. एका बोटाने अक्षरं शोधत होते. कपाळावरचा घाम मिशीत उतरला तरी पुसला नाही. लिहिलं ते जुन्या, आता कुणी वापरत नसलेल्या पद्धतीने, पण बरोबर लिहिलं. मग मान न वळवता, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात विचारलं, "बरूबर हाय का, ताई?" मला एकदम भरून आलं. मी साहेबांना म्हटलं, घेऊ या. सहा महिने परीक्षेवर, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. खालच्या मंडळींनी बातमी ऐकून टाळ्या वाजवल्या, आणि मी त्यांच्याकडे आ वासून पाहत राहिले.

त्यांचं नाव मी सांगत नाही. ऑफिसात आम्ही त्यांना सरपंचच म्हणायचो. पुढे 'माजी' लावायची हिंमत कुणाला झाली नाही.

सरपंचांनी आम्हाला रोज एक धक्का द्यायचा असं ठरवलेलं असावं. पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या सल्लागारांबरोबर पडद्यावर बैठक होती. आपली पाळी आल्यावर हे उभे राहिले, कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि "व्यासपीठावर उपस्थित मान्यवर" अशी सुरुवात केली. पडद्यावरचा एक मान्यवर चहा पिताना ठसकला. आणखी एकदा भर कामात उठून निघाले. कुठे, तर दहाव्याला. कोण गेलं? ते म्हणाले, "वळखीचं न्हवतं, पर वाटंवरच हाय."

सगळ्यात मोठी खोड म्हणजे त्यांना नाही म्हणता येत नसे. जीभच वळायची नाही. कारखान्यातून कुणाचाही फोन आला, अमुक दुरुस्ती पाहिजे, तमुक पाहिजे, की यांचं ठरलेलं उत्तर, "झालंच म्हनून समजा." पलीकडचा बिचारा खरंच तसं समजायचा. दुसऱ्या दिवशी तो चिडून साहेबांना फोन करायचा, साहेब माझ्यावर चिडायचे आणि मी सरपंचांवर.

"अहो, होणार नाही तर नाही म्हणून सांगा ना!"

"ताई, दारात आलेल्या मानसाला तोंडावर न्हाई म्हनायचं?" ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच काहीतरी असभ्य बोलले.

पण मेहनत करायचे. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भाकरी एका हातात आणि कानात हेडफोन लावून नवीन भाषेचे धडे ऐकायचे. एकदा मी विचारलं, जड जातंय का? तर म्हणाले, "पवनं मानूस इसरत न्हाई, ताई. पर हितं इहीरच बदललीय." थोड्या वेळाने आपणहून पुढे म्हणाले, "गावात समदे पडलेला सरपंच म्हनून बगतेत. हाटेलात बसलो तर चहा पाजतेत, पर कीव करून. हितं मला कामाचा मानूस व्हायचंय. सहा महिन्यानं तुमी घरी धाडलं ना, तर त्या गावात मी कोनत्या तोंडानं जाऊ?" एवढा मिश्या राखलेला माणूस असं उघडं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

आता आमच्या कामाचा एक नियम सांगायला हवा. कुणीही लिहिलेला प्रोग्राम आणखी दोघांनी ओळ न ओळ वाचायचा आणि पटला तरच पडद्यावरचं मंजुरीचं बटण दाबायचं. दोन मंजुऱ्या मिळाल्याशिवाय तो कारखान्याकडे जात नाही. सरपंचांना ही पद्धत फार आवडली. ती त्यांनी आपल्या परीने समजून घेतली. प्रोग्राम वाचायला टाकायच्या आधी ते फेरी काढायचे. चहा मागवायचे. गौसच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करायचे, दुसऱ्या कुणाच्या भावाच्या ॲडमिशनसाठी कॉलेजात शब्द टाकतो म्हणायचे. मग सहज, उठता उठता, "आपलं एक काम टाकलंय." इतक्या प्रेमाने विचारणाऱ्या माणसाचं लिहिलेलं कोण तपासत बसणार? चहाचा कप खाली ठेवायच्या आत दोन्ही मंजुऱ्या पडलेल्या असायच्या. मग ते माझ्याकडे वळून समाधानाने म्हणायचे, "बिनइरोध, ताई!"

मला ती गंमत वाटायची. गाळपाचा हंगाम तोंडावर होता, मी बराच वेळ कारखान्यावरच असायचे, आणि सरपंचांचं काम बिनबोभाट मंजूर होतंय म्हणजे माणूस तयार झाला, असं मी धरून चालले होते.

आमचं सॉफ्टवेअर करायचं काय, तर ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना रोज पहाटे मोबाईलवर निरोप पाठवायचं, की आज तुमच्या टोळीने अमक्या गावच्या अमक्या शेतकऱ्याच्या फडात तोडायला जायचं. फड लांबचा असला की टोळी आपल्या कोप्या, म्हणजे पाचटाची राहती खोपटी, मोडायची. भांडीकुंडी, चूल, लेकरं, सगळं ट्रॉलीत टाकून निघायची आणि नव्या ठिकाणी पुन्हा कोपी उभी करायची.

हंगाम नुकता सुरू झाला होता. सकाळी ऑफिसात येऊन मी खुर्ची ओढते तोच कारखान्याच्या शेतकी खात्यातून फोन. पलीकडचे अधिकारी बोलत नव्हते, किंचाळत होते. मला एवढंच कळलं की दिंद्रुडच्या अलीकडे काहीतरी भयंकर झालंय. सरपंचांनी त्यांची जीप काढली, मी लॅपटॉप घेऊन बसले.

मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. रस्त्याच्या कडेने, नजर पोचेल तिथवर, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. ट्रॉल्यांत मोडलेल्या कोप्यांचे बांबू, पाण्याच्या टाक्या, शेळ्या, कोंबड्या, गोधडीत गुंडाळलेली पोरं. कारखान्याच्या झाडून सगळ्या टोळ्या एकाच फडावर आल्या होत्या, आणि तो फड एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा, धावत गेलं तर धाप लागायच्या आत संपेल एवढा. पुढच्या दोन टोळ्यांचे मुकादम कोयते हातात घेऊन एकमेकांवर ओरडत होते. म्हातारा बांधावर डोक्याला हात लावून बसला होता. एक टोळी मिळावी म्हणून त्याने किती दिवस कारखान्याच्या चकरा मारल्या होत्या.

"एक टोळी मागितलती मी," आम्हाला बघून तो रडवेला होऊन म्हणाला, "ही जत्रा कावून धाडली, बाबा?"

जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी निरोप पाठवणारा प्रोग्राम उघडला. तो सरपंचांनी लिहिला होता. मी तो पहिल्यांदाच वाचत होते. आदल्या दिवशी कारखान्याने गावांचे सांकेतिक क्रमांक बदलले होते, त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरला कुठल्याच टोळीचा फड सापडला नव्हता. फड सापडला नाही तर निरोप थांबवायचा, इतकी साधी गोष्ट. पण सरपंचांनी तिथे लिहिलं होतं, की फड सापडला नाही तर यादीतला पहिला फड द्यावा. आणि शेजारी, पुढे वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितात तशी, मराठीत टीप, 'रिकाम्या हातानं कुणाला धाडू नये.'

मी ती ओळ परत परत वाचली. वर दोन मंजुऱ्या होत्या, दोन्ही एकाच मिनिटातल्या.

सरपंच माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांच्या तोंडचा रंग उडाला. तेवढ्यात शेतकी अधिकारी ट्रॉल्यांमधून वाट काढत आले आणि जमावाला हात वर करून सांगू लागले, "सिस्टीममध्ये घोळ झालाय, सिस्टीममध्ये! कुणाची चूक नाही!"

पुढच्या ट्रॉलीत एक बाई तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कोन हाय ती शिस्टीम? तिला म्हनावं, काकडत्या पहाटं एक डाव कोपी मोडून दाव. लेकरू तापानं फनफनतंय माझं."

सरपंच पुढे झाले. मला वाटलं, आता ट्रॉलीवर चढून भाषण ठोकणार, गर्दी शांत करण्यात तर त्यांचा हातखंडा. ते चढले नाहीत. त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिस्टीम न्हाई, माय. म्या धाडलं. चूक माझी हाय."

अधिकारी बघतच राहिले. इतक्या गर्दीत, इतक्या कोयत्यांसमोर कुणी चूक कबूल करतं, याचा मला केवढा धक्का बसला ते कसं सांगू? क्षणभर वाटलं, आता ह्यांना मारतात. पण कुणी हात उचलला नाही. ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने तोंड फिरवलं. मार बसला असता तर बरं, असा चेहरा झाला होता सरपंचांचा.

मी बॉनेटवरच यादी दुरुस्त केली, आणि त्यांनी एकेका मुकादमाला हाक मारून त्याचा त्याचा फड सांगितला. ट्रॉल्या वळायला दुपार झाली. बहुतेक टोळ्यांची त्या दिवसाची तोड बुडाली. त्या बाईच्या टोळीला सगळ्यात लांब जायचं होतं. सरपंचांनी तिला आणि पोराला जीपमध्ये बसवलं, वाटेत डॉक्टरला दाखवतो म्हणाले. मी दुसऱ्या गाडीने परतले.

ते थेट तिसऱ्या दिवशी ऑफिसात उगवले. हातांवर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघाच रेघा. मी पोराचं विचारलं, ताप उतरला म्हणाले. पुढे फक्त एवढंच, "कोपी बांदायला लई येळ लागतो, ताई."

त्यांचे सहा महिने नेमके त्याच आठवड्यात भरत होते. साहेब संतापलेले होते, पण कारखान्याचे मुकादम सरपंचांवर खूश. असा कबूल करणारा माणूस आम्ही पाहिला नाही, असं त्यांनी वर कळवलं होतं. काय करावं ते साहेबांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. "ह्यांना कायम करायचं का? ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, विषय संपवू."

गौसचा हात तत्काळ वर गेला. मागोमाग बाकीचे. माझा अर्ध्यावर घुटमळत होता. सरपंच सगळ्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांना हवं होतं ते मिळत होतं, पुन्हा एकदा बिनविरोध. गावात ताठ मानेने जाता येणार होतं.

"इरोधात कोन हाय?" त्यांनीच विचारलं.

मग त्यांनी स्वतःचा हात वर केला.

गौसचा वर गेलेला हात खाली यायचं विसरला. "अहो सरपंच, हे काय?" साहेब खुर्चीतून उठले.

"दोन टर्म माझ्या इरोधात एक हात वर झाला न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, गाव खूश हाय. तिसऱ्या डावाला मतपेटी उघडली तवा कळलं, किती जनांच्या पोटात काय काय होतं. कुनी तोंडावर सांगितलंच न्हाई. अन् म्या इचारलं बी न्हाई, खोटं कशाला बोलू. हितं येऊन पुन्हा तेच केलं." ते गौसकडे वळले. "गौसभाई, खरं सांगा. माझं कदी वाचलं का हो तुमी?"

गौसने मान खाली घातली.

"आदी समदं वाचा. मग ठेवा, न्हाईतर धाडा घरी."

आम्ही वाचलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांचं सगळं काम लावून सलग दोन दिवस वाचलं. जिथे जिथे काही रिकामं राहायला हवं होतं, तिथे तिथे ह्या माणसाने काहीतरी भरून ठेवलं होतं. शेतकऱ्याने फोन नंबर दिला नसेल तर पोलीस पाटलाचा. तारीख नसेल तर आजची. मी वाचत होते आणि अंगावर काटा येत होता, की अजून कशाकशाची जत्रा भरली असती. प्रत्येक चुकीला ते मागच्या खुर्चीवरून उठून उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी निर्णय दिला. अजून तीन महिने परीक्षेवर. आणि यांचं काम अशा दोघांनी वाचायचं, ज्यांनी त्या दिवशी यांचा चहा घेतलेला नाही.

त्यांच्या गावातल्या लोकांना हे कळलं असणारच. आधी अधूनमधून जीपमध्ये त्यांच्याबरोबर गावची माणसं यायची, ती आता येईनात. सरपंच मोटारसायकलवर एकटेच येऊ लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी निरोपाचा प्रोग्राम नव्याने लिहून वाचायला टाकला. फेरी नाही, चहा नाही. टाकला आणि आपल्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसून राहिले. आयुष्यभर माणसांची मनधरणी करत फिरलेल्या माणसाला नुसतं बसणं किती अवघड जातं ते दिसत होतं. एक पाय सारखा हलत होता.

मी वाचत गेले आणि त्या जागेवर येऊन थबकले. फड सापडला नाही तर आता मुकादमाला एक निरोप जाणार होता. 'आज तुमच्या टोळीला फड नाही. कोपी मोडू नका.'

फड नाही. हे शब्द ह्या माणसाने लिहिले होते. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी शाळेतल्या पोरासारखी नजर चुकवली. मी मंजुरी दिली. पण गौसने, ज्याने त्या दोन दिवसांआधी त्यांचं एकही अक्षर वाचलं नव्हतं, त्याने विरोध नोंदवला. लिहिलं, की पहाटे निरोप मिळेपर्यंत लोकांनी आवराआवर सुरू केलेली असते, हा निरोप आदल्या संध्याकाळीच गेला पाहिजे.

सरपंचांनी ते वाचलं. उठले आणि तरातरा जिना उतरून गेले. गौस घाबरला, मलाही वाटलं, दुखावले. थोड्या वेळाने परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

"झालं का मंजूर?" साहेबांनी पेढा उचलत विचारलं.

"न्हाई, साहेब. नापास झालो." त्यांचे डोळे भरून आले होते. "पर वाचून नापास केलंय!"

पुढे ते कायम झाले. मी नंतर पुण्यात आले. मागच्या हंगामात युसूफ वडगावला, माझ्या माहेरी गेले होते. शेजारचे काका मुकादम आहेत, त्याच कारखान्याला टोळी घेऊन जातात. ताप आल्यामुळे चार दिवसांसाठी घरी आले होते. संध्याकाळी ओट्यावर बसले असताना त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. 'उद्या तुमच्या टोळीला फड नाही. कोपी मोडू नका.' 'आज'च्या जागी 'उद्या' आलं होतं, बाकीचे शब्द मला पाठ होते.

"लई चांगलं केलंय हे," काका म्हणाले. "समदे नुसतं बगू, करू म्हनतेत. न्हाई तर न्हाई म्हनून सांगनारं हे पयलंच भेटलं."

मी तिथूनच सरपंचांना फोन लावला आणि काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडे त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, पुण्यात घर घेतलंय, पुढच्या रविवारी वास्तुशांत आहे, तुम्ही आलंच पाहिजे. आणि 'झालंच म्हनून समजा' ऐकायला कान लावला.

"न्हाई जमायचं, ताई," ते म्हणाले. "हंगाम हाय."